काउंटरवर सांगितलेला शेवट

परवा कूलरचं गवत बदललं. नवं गवत भिजलं की पहिले दोन दिवस घरभर एक वास फिरतो. थोडा सुताराच्या दुकानाचा, थोडा ओल्या गोणपाटाचा. अमरावतीत कॅलेंडरवर लागणारा उन्हाळा वेगळा आणि या वासानं लागणारा वेगळा. खरा दुसरा. या वासानं लोकांना आंबे आठवत असतील, सुट्ट्या आठवत असतील. मला भुतं आठवतात, आणि तीही एकाच उन्हाळ्यातली.

तो उन्हाळा फार जुना नाही. तेव्हा माझी बदली अकोल्याला होती आणि मी बडनेऱ्याहून रोज अपडाऊन करत होतो. गाडीत पत्ते खेळणारे, झोपणारे आणि राजकारण करणारे असे तीन पंथ होते. चौथा वाचणाऱ्यांचा. तो मी एकटाच चालवत होतो, आणि त्याला लागणारी रसद राजापेठेतल्या शब्बीरभाईंच्या वाचनालयातून येत होती.

शब्बीरभाई मूळचे बाळापूरचे. वडील सतरंज्या विणत. मुलानं पुस्तकं भाड्यानं द्यायचा धंदा काढला. ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली एक लांबट खोली, तीन भिंतींना रॅक, दाराशी काउंटर आणि कोपऱ्यात एक कूलर, जो हवेपेक्षा आवाज जास्त देतो. भिंतीवर एकाही थोर माणसाची तसबीर नाही. त्यामुळे तिथं जयंत्या-पुण्यतिथ्या होत नाहीत आणि लोकांना वाचायला वेळ मिळतो. रॅकवर खडूनं लिहिलंय: 'भूत', 'विज्ञान', आणि मधल्या रॅकवर 'दोन्ही'. समीक्षकांनी हा प्रश्न सोडवायला जितकी पानं घेतली असती, तितकं लाकूडही त्या रॅकला लागलेलं नाही.

भुताचं पुस्तक नेणाऱ्यांची एक रीत आहे. वर एखादं चरित्र ठेवायचं, खाली भूत. रस्त्यात कोणी भेटलं तर चरित्र दिसतं. निवृत्त साहेब लोकांची चरित्रं अशी कित्येक वर्षं अमरावतीभर फिरून आली आणि एकाही चरित्राचं पान उलटलं गेलं नाही. खाली असलेली भुतं मात्र झिजून गेली. नवी भयकादंबरी आली की चार-आठ जण एकदम मागतात, म्हणून शब्बीरभाई जाड पुस्तक कापून त्याचे दोन-तीन भाग करतात आणि प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा लावतात. एक जण पहिला भाग वाचत असताना दुसऱ्याकडे दुसरा. यातून वाचनालय चालतं, आणि यातूनच एक अडचणही येते. शेवटचा भाग नेलेला माणूस लग्नाला गावी गेला की बाकीचे खोळंबतात. किंवा शेवटची पानं कोणाच्या तरी घरी फाटतात, कारण घराघरांत लहान मुलांना शेवटच्याच पानांची आवड असते.

अशा वेळी शब्बीरभाई शेवट सांगतात. काउंटरमागे उभे राहून, एक हात रॅकवर ठेवून, शांत आवाजात. राजापेठेत अशी माणसं आहेत ज्यांनी कित्येक कादंबऱ्यांचा शेवट वाचलेला नाही, ऐकलेला आहे. माझा फार दिवसांपासून संशय होता की यातले काही शेवट शब्बीरभाईंनीही वाचलेले नसतात. एकदा मी विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक दारात उभं असते. त्याले मालूम नाई म्हनून कसं वापस पाठवू?"

कोकणातल्या भुतांचं मराठी वाङ्मयात चांगलं बस्तान आहे. त्यांना पाऊस आहे, माड आहेत, विहिरी आहेत, कंदील आहे. परदेशी भुतांना धुकं आणि तळघर आहे. आमच्याकडे धुकं पडत नाही आणि तळघर खणलं तर त्यात गहू ठेवतात. परग्रहावरच्या लोकांचंही तेच. ते उतरतात ती मोठी शहरं पाहून. मूर्तिजापूरला यान उतरलंच, तर ते कोणत्या पार्टीचं आहे एवढी चौकशी होईल आणि लोक आपापल्या कामाला लागतील. तेव्हा वऱ्हाडात भय कुठून आणायचं, हा प्रश्न मला त्या उन्हाळ्यापर्यंत पडलाच नव्हता.

खरं तर उत्तर रोज समोर होतं. मे महिन्यात दुपारी बाराला राजापेठेत उभं राहून पाहा. सकाळी ज्या रस्त्यावर गाडीला गाडी घासते, तो रस्ता धुतल्यासारखा मोकळा. शटर अर्ध्यावर. एखादी मुलगी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवरून जाते. फक्त डोळे दिसतात, तेही काळ्या चष्म्याआड. एखादा माणूस डोक्याला दुपट्टा बांधून भिंतीच्या कडेनं चालतो, भिंत सोडत नाही. गच्च्यांवर कुरड्या आणि गव्हाच्या पिठाचे सरगुंडे वाळत पडलेले आणि राखणीला कोणी नाही. कुत्रं नालीत. कावळा चोच उघडून बसलेला, पण आवाज काढत नाही. आवाज फक्त कूलरचे, बंद दारांमागून. आमच्याकडच्या आया मुलांना भर बाराला बाहेर पाठवत नाहीत, आणि विचारलं तर ऊन लागेल म्हणतात. पण त्यांच्या आया ऊन लागेल असं म्हणत नव्हत्या.

हे ज्या बाईला आधी दिसलं त्या वंदनाताई. अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. शिकत असताना अमरावतीच्या होस्टेलवर राहायच्या, तेव्हापासून शब्बीरभाईंच्या 'दोन्ही' रॅकच्या वाचक. माझी ओळख गाडीतली. माझ्या हातातलं पुस्तक पाहून त्यांनी शेवट सांगू का विचारलं होतं. मी नको म्हणालो, म्हणून मैत्री टिकली.

त्यांनी कित्येक उन्हाळे खर्चून एक कादंबरी लिहिली होती. नाव 'बिनसावली'. मे महिन्याच्या अखेरीला आमच्याकडे एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. वर्तमानपत्रं त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. हौशी मंडळी गच्चीवर बाटली उभी करून फोटो काढतात. जुलैतही एकदा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असल्यामुळे कोणालाच सावली नसते आणि कोणी मनावर घेत नाही. वंदनाताईंच्या कादंबरीत बाळापूरला हा दिवस येतो, सावल्या जातात आणि काही माणसांच्या परत येत नाहीत. ती माणसं जेवतात, बाजारात जातात, बोलतात. पण दोन नद्यांमधल्या किल्ल्याच्या भिंतीवर दुपारी दुसऱ्याच कोणाच्या तरी सावल्या चालताना दिसू लागतात. सुलभा नावाची फिजिक्सची शिक्षिका याचा छडा लावायला निघते.

त्या उन्हाळ्यात, मे लागता लागता, अकोल्याच्या एका सभागृहात विज्ञानसाहित्यावर चर्चासत्र झालं. मी आणि वंदनाताई तिसऱ्या रांगेत. उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. बेचाळीस अंश तापमानात माणसाच्या अंगावर लोकरीची शाल घालणं हा भयसाहित्याचा मूळ प्रकार असावा असं मला वाटून गेलं. अध्यक्षांनी दीड तास मराठीत विज्ञानकादंबरी नाही म्हणून खंत व्यक्त केली. भुताखेतांचं लेखन हे साहित्यच नव्हे, असंही सांगितलं. वंदनाताईंच्या पिशवीत तेव्हा पूर्ण टाइप केलेली 'बिनसावली' होती. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि माझ्याकडून पेपरमिंट मागून घेतलं.

पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र त्यांना आलेलं होतं. कादंबरी आवडली होती. मात्र संपादकांची सूचना अशी, की ती कोकणात न्यावी, दुपारची मध्यरात्र करावी आणि पात्रांची भाषा 'थोडी सर्वसमावेशक' करावी. जूनअखेर कळवा. वंदनाताईंनी सूचना मला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, मध्यरात्री सावली कशी जाईल हे त्यांना समजवावं तरी कोणत्या इयत्तेच्या पुस्तकातून. पण त्या नाही म्हणत नव्हत्या. पहिलं पुस्तक होतं, दुसरा प्रकाशक नव्हता, आणि आपलंच चुकत असेल ही शंका शिक्षकी पेशातही माणसाला सोडत नाही.

मग त्यांनीच मार्ग काढला. कादंबरी शब्बीरभाईंच्या रॅकवर ठेवायची. लेखकाचं नाव नाही, ओळखपाळख नाही. अमरावतीच्या वाचकांनी शेवटपर्यंत वाचली तर पुण्याला नकार. अर्ध्यात सोडली तर सुलभा मुकाट्यानं कोकणात जाईल आणि रात्री फिरेल. शब्बीरभाईंना एवढंच सांगायचं की एका ओळखीच्यांचं लेखन आहे. मी गठ्ठा गाडीतून आणला. देण्याआधी तीन-चार दिवस येता-जाता वाचलाही. पहिली दोन-तृतीयांश कादंबरी वाचताना बोरगाव कधी जायचं कळत नव्हतं. शेवटचं प्रकरण मात्र मला लांबलं. त्यात सुलभा उजेडाच्या थरांबद्दल सगळं समजावून सांगते, आरसे लावते आणि ती फट बंद करते. भूत दारात उभं होतं आणि लेखिका त्याच्याकडे पाठ करून फळ्यावर लिहीत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. वाचक अमरावतीचे होते, मी नुसता हमाल.

शब्बीरभाईंनी नेहमीप्रमाणे तीन भाग केले, तिन्हींना पुठ्ठे लावले आणि 'दोन्ही'वर ठेवले.

पहिल्या आठवड्यात कोणी हात लावला नाही. मग कांताकाकूंनी नेली. कांताकाकू म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, आणि या वाचनालयातल्या सर्वात कडक वाचक. भुताचं पुस्तक परत करताना त्या रुग्णाच्या कागदावर शेरा मारावा तसं बोलतात. "भेव नाई वाटलं." संपलं. ते पुस्तक मग वर्षभर रॅकवर पडून राहतं. 'बिनसावली'चा पहिला भाग त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत आणला आणि काही न बोलता दुसरा नेला. ते न बोलणं काउंटरवरच्या इतरांनी पाहिलं. तिथून पुढे पहिला भाग रॅकवर दिसला नाही.

ते दिवस मला अजून आवडतात. संध्याकाळी गाडीतून उतरून मी राजापेठेत जायचो तर काउंटरवर बाळापूर चाललेलं असायचं. किल्ल्याच्या भिंतीवर सावल्या कोणाच्या, यावर कापड दुकानाचे मालक आणि क्लासचे गणिताचे सर भांडायचे. बाळापूरचा माणूस म्हणून शब्बीरभाईंची साक्ष काढली जायची. ते म्हणायचे, लहानपणी त्यांनी त्या भिंतीला पाठ लावून आंबे खाल्ले आहेत, पण आता पाठ लावतील की नाही सांगता येत नाही. मी ही बातमी दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोचवायचो. वंदनाताई नुसत्या मान हलवायच्या आणि मग स्टेशनवर दोन कप चहा सांगायच्या.

तिसरा भाग काकूंच्याही आधी, पुढे मिळणार नाही म्हणून राजापेठेतल्या ज्या एका वहिनींनी नेऊन ठेवला, त्या तो घेऊन भावाच्या लग्नाला खामगावला गेल्या आणि तिथंच उन्हाळा काढायचं ठरवून बसल्या. इकडे दुसरा भाग संपवलेले वाचक काउंटरवर जमू लागले. कादंबरीत पुढचा शून्य सावलीचा दिवस जवळ आलेला, सुलभा किल्ल्याच्या पायऱ्यांवर पोचलेली, आणि पुढचं खामगावला. शब्बीरभाईंनी तिसरा भाग वाचलेलाच नव्हता. पण गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्यांनी रॅकवर हात ठेवला आणि शेवट सांगितला.

हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. वहिनी जूनमध्ये परत आल्या, तिसरा भाग न उघडलेलाच रॅकवर आला आणि तिथंच राहिला. कोणी मागितला नाही. सगळ्यांना शेवट ठाऊक होता.

वंदनाताई निकाल पाहायला स्वतः आल्या. पाऊस लांबलेला, ऊन मेसारखंच. मी सोबत होतो. शब्बीरभाई नमाजला गेले होते. काउंटरवर त्यांच्या जागी, वाळवणावर पाखरू येऊ नये म्हणून बसावं तशा कांताकाकू बसलेल्या. वंदनाताईंनी तिन्ही भाग काढून समोर ठेवले. पहिल्या दोघांचे कोपरे मऊ पडले होते. पापडाच्या पिठाचे डाग, पन्ह्याचा एक गोल, आणि वाचून झाल्याची खूण म्हणून प्रत्येक वाचकानं स्वतःसाठी ठरवून ठेवलेल्या पानाच्या आकड्याखाली ओढलेली पेन्सिलची रेघ. तिसरा भाग कोरा करकरीत.

काकूंना वाटलं, ही नवी वाचक.

"तिसरा काहाले नेतं, पोरी. शेवट मी सांगतो तुले," त्या म्हणाल्या. वऱ्हाडातल्या काही बाया 'सांगतो'च म्हणतात. "थे मास्तरीन अंगनात येते. बारा वाजून गेले असते. सगळ्याइच्या सावल्या वापस आल्या असते. हिची बी येते. पन हे उभी असते, अन् सावली बसेल असते."

"मग?"

"मंग काय. झालं. उभ्या जिनगीत मी मुडद्यापाशी बसून डबा खाल्ला, मले कदी काही वाटलं नाई. पन परवा गच्चीवर कुरड्या उचलाले गेली, तं खाली पाह्यलंच नाई. तशीच उतरली."

वंदनाताईंनी विचारलं की पुस्तकातला शेवटही असाच आहे का. काकू म्हणाल्या, तो कोणी वाचला. शब्बीरनं सांगितला तोच शेवट. मग त्यांनी लेखकाचंही कौतुक केलं. कोण मेला आहे माहीत नाही, पण माणूस हुशार दिसतो, म्हणाल्या.

वंदनाताईंनी तिन्ही भाग पिशवीत घातले. बाहेर येऊन ऑटो थांबवली.

पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या फलाटावर भेटल्या. पुण्याला नकार कळवला होता. मी म्हणालो, छान झालं, आता इकडेच कुठं छापा. त्या म्हणाल्या, काय छापू भाऊ. लोकांनी माझं पुस्तक वाचलं आणि जिथं मी सर्वात जास्त मेहनत घेतली तेवढं सोडून दिलं. कोकणात न्या म्हणणाऱ्याला नाही म्हणता येतं. इथं कोणाला नाही म्हणू? शब्बीरभाईंचा शेवट घातला तर ती चोरी, माझा ठेवला तर तो कोणाला नको. गठ्ठा माळ्यावर टाकला, म्हणाल्या, आणि आता लिहिणं बास. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात एखादं गणित पुस्तकातच चुकीचं छापलंय असं सांगताना शिक्षक जसं बोलतात, तसं त्या बोलत होत्या.

पुस्तक कोणाचं, हा प्रश्न चर्चासत्रात विचारला की सुसह्य असतो. तिथं त्याच्यावर शाल घालता येते. मी माझ्यापुरतं एक केलं. शब्बीरभाईंना जाऊन सांगितलं की ती ओळखीची लेखिका कोण होती. त्यांनी कूलर बंद केला. मग म्हणाले, "मले वाटलं, तुमच्या ओळखीच्यानं नेहमीसारखं कोन्या परदेशातल्या मरेल-गेरेल लेखकाचं उचललं असन." त्या दिवसापासून त्यांनी शेवट सांगणं बंद केलं. लोक हिरमुसून जाऊ लागले. गणिताच्या सरांनी तर चक्क एक चरित्र नेलं.

आणि मग, जून संपता संपता, एका शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास मी वाचनालयात बसलो असताना दार ढकलून वंदनाताई आत आल्या. चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडवायला त्यांना वेळ लागला. कांताकाकू स्टुलावर होत्या. ही कोण ते यावेळी त्यांना शब्बीरभाईंकडून कळलेलं होतं, म्हणून त्या ओशाळून रॅककडे पाहू लागल्या. शब्बीरभाई उठून उभे राहिले.

"ताई, गलती झाली. मले माफ करा."

वंदनाताई म्हणाल्या की त्या माफीसाठी आलेल्या नाहीत. सगळ्या राजापेठेनं जो शेवट ऐकला, तो एकट्या त्यांनीच नीट ऐकलेला नाही. काकूंनी सांगितला तो ऐकीव.

"तुम्ही सांगा."

"ताई, जाऊ द्या न."

"मी गिऱ्हाईक आहे, शब्बीरभाई. दारात उभी आहे."

शब्बीरभाईंनी आधी रॅकवर हात ठेवला नाही. मग ठेवला. सुलभा किल्ल्याच्या पायऱ्या उतरते तिथून त्यांनी धरलं. ती बाजारातून घरी येते, दाराला कुलूप आहे, अंगणात तिच्या आधीच कोणाची तरी पावलं उमटली आहेत, हे काकूंनी सांगितलेलं नव्हतं. काकूही वळून ऐकू लागल्या. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बोळात पांढरं ऊन आणि एकही माणूस नाही. सुलभा अंगणात उभी राहिली. सावली आली. सावली बसलेली होती.

शब्बीरभाई थांबले.

वंदनाताई दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवून, हनुवटी हातावर ठेवून ऐकत होत्या. त्यांना शेवट आधीच ठाऊक होता आणि तरी त्यांच्या दंडावर काटा आला होता. मी शेजारीच होतो, मला दिसला.

"मग?" त्या म्हणाल्या.

शब्बीरभाई गोंधळले. इतक्या वर्षांत शेवट सांगून झाल्यावर असं कोणी विचारलं नव्हतं.

"मंग... संपलं, ताई."

"ती उभी आहे आणि सावली बसलेली आहे. बसलेल्या माणसाला कधीतरी उठावं लागतं. उठल्यावर?"

काकू स्टुलावरून म्हणाल्या, "हो न, शब्बीर. उठल्यावर?"

"मले मालूम नाई," शब्बीरभाई म्हणाले. काउंटरवर हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मलाही नाही," वंदनाताई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून तिसरा भाग काढला, पालथा घातला आणि त्याची कोरी पाठ वर करून हातानं सपाट केली. मग पेन मागितलं.

शब्बीरभाईंनी पेन दिलं, काउंटरची फळी उचलून त्यांना आत घेतलं, स्वतःची खुर्ची दिली आणि बाहेर येऊन गिऱ्हाइकांच्या बाजूला उभे राहिले.